डबल शीट कंट्रोलर: प्रेस शॉपमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरकडच्या पीथमपूर आणि सांवेर रोडच्या प्रेस शॉपमधले ऑपरेटर, इलेक्ट्रिशियन आणि शिफ्ट इन्चार्ज जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एका जागी केले आहेत. कंट्रोलरचं मॅन्युअल बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतं आणि पॅनलच्या दाराच्या आतल्या खिशात तेलकट होऊन पडलेलं असतं. मेक बदलला की मेनूची नावं बदलतात, पण आतलं काम सारखंच राहतं. एखादा आकडा तुमच्या मॅन्युअलपेक्षा वेगळा वाटला तर मॅन्युअलचा धरा.

१. हा कंट्रोलर नेमकं करतो काय?

डिस्टॅकरने, म्हणजे गठ्ठ्यावरून पत्रा उचलून प्रेसकडे देणाऱ्या यंत्राने, उचललेली शीट एकच आहे की दोन चिकटून आल्यात, एवढंच तो सांगतो. तीन उत्तरं असतात: शीट नाही, एक शीट, दोन शीट (म्हणजे डबल). प्रत्येकाचं आउटपुट वेगळं असतं आणि ते पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोल कॉम्प्युटरला, जातं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या, कारण खालची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. कंट्रोलर 'दोन' मोजत नाही. तुम्ही जी शीट शिकवली (यालाच 'टीच' करणं म्हणतात) तिच्या रीडिंगला तो १०० टक्के धरतो आणि पुढची प्रत्येक शीट तिच्याशी ताडून पाहतो. चुकीचं शिकवलं तर तो चुकीचंच, पण अगदी इमानदारीने ताडून पाहील.

२. एखादी डबल गेली तर असं काय मोठं बिघडतं?

पत्रा ओढून आकार देणाऱ्या ड्रॉ डायमध्ये पंच आणि डाय यांच्यातली फट साधारण पत्र्याच्या जाडीच्या १.१ पट ठेवतात. ०.८ मिमीच्या पत्र्याला ०.८८ मिमी फट, आणि तुम्ही तिथे १.६ मिमी कोंबताय. नशीब चांगलं असेल तर प्रेसचं हायड्रॉलिक ओव्हरलोड सुटतं आणि अर्धी शिफ्ट जाते. नसेल तर पंचची धार उडते, गाइड पिलर वाकतो किंवा डायला तडा जातो, आणि टूल रूमचे लोक आठवडाभर तुमच्याशी बोलत नाहीत.

३. आमच्याकडे सेन्सर कुठल्या प्रकारचा आहे, हे कसं ओळखायचं?

एकच सेन्सर असेल, तो पत्र्याला टेकत असेल आणि चालू असताना स्क्रू ड्रायव्हर ओढून घेत असेल, तर तो इलेक्ट्रोमॅग्नेटिक, म्हणजे चुंबकीय, आहे. हा फक्त लोखंडी, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या पत्र्यासाठी. आपल्याकडच्या बहुतेक डिस्टॅकरवर हाच दिसतो.

समोरासमोर दोन हेड असतील आणि मधून पत्रा जात असेल, तर तो दोन बाजूंचा एडी करंट (धातूत भोवऱ्यासारखा करंट उठवून मोजणारा) प्रकार. एक हेड पाठवतं, दुसरं घेतं, आणि मध्ये जितका धातू जास्त तितका सिग्नल कमी. लोखंड, अॅल्युमिनियम, स्टेनलेस, तांबं सगळ्याला चालतो. एका बाजूचा एडी करंट सेन्सरही मिळतो, तो मुख्यतः अॅल्युमिनियमसाठी. अल्ट्रासॉनिक प्रकार दोन थरांमधल्या हवेवर काम करतो. कागदाला तो उत्तम, तेलाने घट्ट चिकटलेल्या पत्र्याला त्याचा भरवसा धरू नका.

४. टीच करायचा बरोबर क्रम काय?

बटण दाबायला दोन सेकंद लागतात, म्हणून लोक सगळं कामच दोन सेकंदांचं समजतात. आधी मायक्रोमीटर घ्या. गठ्ठ्याच्या मधून एक शीट काढा, चारही कोपरे पुसा आणि जाडी मोजा. हातात एकच शीट आहे आणि जाडी ड्रॉइंगप्रमाणे आहे, याची खात्री इथेच होते. ही पायरी गाळली तर काय होतं ते प्रश्न ८ मध्ये आहे.

मग त्या पार्टचा प्रोग्रॅम नंबर निवडा. नंबर पीएलसीकडून येत असेल तर कंट्रोलरच्या डिस्प्लेवर तोच नंबर आलाय ना, हे डोळ्यांनी पाहा. आता शीट खऱ्या सायकलमध्ये जशी येते तशीच सेन्सरवर आणा: व्हॅक्यूम कप चालू, सेन्सरची स्प्रिंग दाबलेली, शीट लटकत असेल तर लटकलेली. टेबलावर सपाट ठेवून टीच केलेली शीट आणि कपांवर टांगलेली शीट यांची रीडिंगं जुळत नाहीत. टीच करा. १०० च्या आसपास येईल.

इथे थांबू नका. तीच शीट काढून पुन्हा लावा, गठ्ठ्यातल्या वेगवेगळ्या शीट लावून पाहा आणि सगळ्यात कमी व सगळ्यात जास्त रीडिंग लिहून घ्या. नंतर मुद्दाम दोन शीट एकत्र लावा. आधी घट्ट दाबून, मग मध्ये थोडी फट राहील अशा. ही रीडिंगंही लिहा. लिमिट या चार-पाच आकड्यांवरून ठरते. डब्यातून निघालेल्या डिफॉल्टवर ठेवू नका.

५. लिमिट किती ठेवायची? सगळे म्हणतात खाली ८०, वर १३०.

रीडिंग खालच्या लिमिटखाली गेलं की मशीन थांबतं, वरच्या लिमिटवर गेलं की डबल समजतं. ८० आणि १३० सुरुवात म्हणून ठीक आहे. पण समजा तुमच्या एकेरी शीटची रीडिंगं ९४ ते १०७ मध्ये आहेत आणि डबलचं सगळ्यात कमी रीडिंग १६२ आहे. मधला आकडा १३४ च्या आसपास येतो. मी तो थोडा एकेरी बाजूला सरकवून १२५ ठेवेन, कारण उगाच थांबलेलं मशीन स्वस्त पडतं आणि निसटलेली डबल महाग.

आता जाड पत्रा घ्या, जिथे डबलचं रीडिंग १३८ च्या वर जातच नाही. तिथे १३० म्हणजे दोरीवरची कसरत. ११५ ते १२० वर या, आणि मग पत्र्याच्या जाडीतल्या फरकामुळे सारखं थांबायला लागलं तर समजा की सेन्सर त्या जाडीला लहान पडतोय. मोठा सेन्सर मागवा. लिमिट वर ढकलून प्रश्न सुटल्यासारखा दिसतो, सुटत नाही.

६. दोन शीट ठेवल्या तरी २०० टक्के का येत नाही?

चुंबकीय सेन्सरमध्ये पत्रा चुंबकाच्या दोन टोकांमधला रस्ता पूर्ण करतो. पातळ पत्रा लवकर भरून जातो, म्हणजे सॅच्युरेट होतो, आणि उरलेलं चुंबकीय क्षेत्र दुसऱ्या शीटमध्ये शिरतं, म्हणून रीडिंग चांगलं उडी मारतं. जाड पत्र्याची पहिली शीटच बहुतेक सगळं क्षेत्र गिळते. दुसरीपर्यंत फारसं काही पोचत नाही. म्हणून एकाच सेन्सरवर ०.७ मिमीची डबल दणदणीत दिसते आणि २.५ मिमीची जेमतेम. दोन शीटमध्ये फट असली की रीडिंग आणखी खाली येतं, म्हणूनच प्रश्न ४ मध्ये फट ठेवून चाचणी घ्यायला सांगितलंय.

७. खालची लिमिट कशाला हवी? शीट पातळ आली तर डायला काय धोका?

सगळ्यात दुर्लक्षित सेटिंग हेच. उत्पादन थांबतं म्हणून कोणीतरी ती ३० वर नेऊन ठेवतो आणि विसरतो.

नीट पाहा. सेन्सरचा ब्रॅकेट ढिला झाला आणि सेन्सर पत्र्यापासून जरासा दूर राहायला लागला. आता एका शीटचं रीडिंग १०० ऐवजी ५५ येतंय. खालची लिमिट ८० असती तर मशीन पहिल्याच शीटला थांबलं असतं आणि ब्रॅकेट सापडला असता. लिमिट ३० आहे, म्हणून मशीन मजेत चालतंय. दुपारी डबल येते. तिचं रीडिंग १६५ यायला हवं होतं, पण फटीमुळे ९५ येतं. कंट्रोलर हिरवा दिवा लावतो.

पातळ शीट पकडणं हे खालच्या लिमिटचं दुय्यम काम. सेन्सर धड मोजतोय की नाही, यावर तीच पहारा ठेवते.

८. चुकून चिकटलेल्या दोन शीटवरच टीच झालं तर?

खालची लिमिट जागेवर असेल तर पहिलीच एकेरी शीट 'पातळ' म्हणून थांबेल. ती खाली पाडून ठेवली असेल तर डबल १०० टक्के दिसेल आणि थेट डायमध्ये जाईल. मायक्रोमीटर वापरा.

९. सेन्सर शीटला टेकलाच पाहिजे का?

चुंबकीय सेन्सर असेल तर हो, पूर्ण तोंडाने. म्हणून तो स्प्रिंगवर आणि थोडा हलणाऱ्या माउंटिंगवर बसवतात, वाकडी शीट आली तरी तोंड तिच्याबरोबर वळतं. तेलाचा पातळ थर चालतो. लोखंडाचा कीस, बर (कापताना कडेला राहिलेली खरखरीत धार), सुकलेलं ग्रीस चालत नाही. तोंड वर्षानुवर्षं घासून झिजतं आणि रीडिंग हळूहळू सरकतं, त्यामुळे मोठ्या मेंटेनन्समध्ये पट्टी लावून सपाटपणा तपासा.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी 'सेन्सर एकदम कमी दाखवतोय' असा एखादा फोन ठरलेला. तोंडावर हळदकुंकवाचा सुकलेला थर असतो. देवाला नमस्कार करा, कुंकू प्रेसच्या फ्रेमला लावा.

दोन बाजूंच्या एडी करंट सेन्सरला टेकायची गरज नाही आणि पत्रा मध्ये थोडा वरखाली झाला तरी त्याचं फारसं बिघडत नाही. त्याची अट वेगळी: दोन्ही हेड एका रेषेत आणि त्यांच्यातलं अंतर कायम. फोर्कलिफ्टचा एक धक्का लागला की टीच पुन्हा.

१०. ट्रिगर कधी द्यायचा? कधी 'शीट नाही' येतं, कधी बरोबर येतं.

शीट स्थिर झाल्यावर. व्हॅक्यूम कपांनी उचलल्यावर पत्रा काही क्षण थरथरतो, आणि तेव्हाच मोजलं तर रीडिंग नाचतं. व्हॅक्यूम स्विच लागल्यानंतर पीएलसीमध्ये छोटा डिले द्या. मोजायला सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळ पुरतो. मिनिटाला १२ स्ट्रोक असतील तर एका सायकलला ५ सेकंद मिळतात, म्हणजे घाई कशाचीच नाही.

पीएलसी लिहिणाऱ्याला आणखी एक सांगा. 'एक शीट' हा सिग्नल प्रत्येक सायकलमध्ये एकदा बंद होऊन पुन्हा चालू झाला पाहिजे, आणि प्रोग्रॅमने ते तपासलं पाहिजे. नाहीतर रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटला तर मागच्या शीटचा होकार पुढच्या हजार शीटना लागू होतो.

११. केबल तुटली तर मशीन थांबेल की चालूच राहील?

हे तुमच्या वायरिंगवर आहे. 'एक शीट, ठीक आहे' असताना रिले ओढलेली असावी आणि पीएलसीला २४ व्होल्ट मिळत असावेत. मग वायर तुटो, कंट्रोलरचा सप्लाय जावो, फ्यूज उडो, २४ व्होल्ट गेले की मशीन थांबतं. उलटं जोडलं असेल, म्हणजे डबल आल्यावरच पीएलसीला २४ व्होल्ट मिळत असतील, तर तुटलेली वायर आणि चांगली शीट पीएलसीला सारखीच दिसते. खात्री करायची तर प्रेस बंद ठेवून डिस्टॅकर चालवा आणि सेन्सरचा कनेक्टर उपटा. न थांबलं तर आजच्या आज बदला.

१२. स्टेनलेसचा जॉब आलाय. सेन्सर 'शीट नाही'च म्हणतो. जळला का?

जळला नाही. ३०४ ग्रेड चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे चुंबकीय सेन्सरसाठी तिथे शीटच नसते. ४३० ग्रेड फेरिटिक आहे, ती दिसते. भंगारातल्या स्पीकरचा चुंबक खिशात ठेवा, दोन सेकंदात कळतं.

एक खोच आहे. ३०४ गार अवस्थेत वाकवलं किंवा ओढलं की थोडं चुंबकीय होतं. त्यामुळे पहिल्या ड्रॉनंतरचा पार्ट सेन्सरवर काहीतरी रीडिंग दाखवेल, आणि कोणीतरी म्हणेल 'भिया, चालतंय की'. ते रीडिंग पार्टगणिक बदलतं, त्यावर टीच करू नका. ३०४ साठी दोन बाजूंचा एडी करंट घ्या.

१३. अॅल्युमिनियमला लोखंडाचीच सेटिंग चालेल का?

नाही. एडी करंट सेन्सरची फ्रिक्वेन्सी धातू आणि जाडी बघून निवडावी लागते. शुद्ध अॅल्युमिनियममध्ये ५० हर्ट्झला क्षेत्र साधारण ११ ते १२ मिमी आत जातं, १ किलोहर्ट्झला २.६ मिमीच्या आसपास. फ्रिक्वेन्सी फार जास्त ठेवली तर एका बाजूच्या सेन्सरला दुसरी शीट दिसणारच नाही. मिश्रधातू बदलला की विद्युतवाहकता बदलते आणि रीडिंगही बदलतं, म्हणून ५००० आणि ६००० सिरीजसाठी वेगळे प्रोग्रॅम ठेवा, जाडी तीच असली तरी.

१४. पत्र्यावर पीव्हीसी फिल्म आहे. काढून टीच करू की लावून?

लावून, आणि फिल्म ज्या बाजूला असेल तीच बाजू सेन्सरकडे ठेवून. चुंबकीय सेन्सरसाठी फिल्म म्हणजे फटच. फिल्मवाला आणि बिनफिल्मचा माल आलटून पालटून येत असेल तर दोन प्रोग्रॅम करा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचा जस्ताचा थर मात्र इतका पातळ असतो की त्याची काळजी नको.

१५. टेलर वेल्डेड ब्लँकमध्ये दोन जाड्या असतात. सेन्सर कुठल्या बाजूला लावू?

हा ब्लँक म्हणजे वेगवेगळ्या जाडीचे पत्रे वेल्ड करून जोडलेली शीट. सेन्सर पातळ बाजूला. प्रश्न ६ मधल्या कारणाने तिथे डबल जास्त ठळक दिसते. वेल्डपासून, कडेपासून आणि भोकांपासून लांब राहा. मॅन्युअलमध्ये अंतर दिलेलं नसेल तर निदान सेन्सरच्या व्यासाइतकं सोडा. ब्लँक उलटा फिरून येण्याची शक्यता असेल तर दोन्ही बाजूंना सेन्सर लावा. मग उलटा आलेला ब्लँकही पकडला जातो.

१६. डिसेंबरच्या सकाळी केलेलं टीच मे महिन्यात चुकीचं का वाटतं?

सेन्सरमध्ये तांब्याची कॉइल असते आणि तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. इंदूरच्या थंडीतल्या १० अंशांवरून शेडमधल्या ४२ वर गेलात की साधारण १२ टक्क्यांचा फरक. चांगले कंट्रोलर करंट कायम ठेवून हे सांभाळून घेतात, जुने घेत नाहीत. शिवाय चुंबकीय सेन्सर सतत चालू ठेवला तर स्वतःच तापतो. तो फक्त ट्रिगरपुरता चालू राहू द्या, आणि टीच मशीन थोडा वेळ चालून गरम झाल्यावर करा.

१७. बाजूला वेल्डिंग सुरू झालं की डबलचा अलार्म येतो.

सेन्सरची शील्ड असलेली केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये टाकली असेल. वेगळी करा. शील्ड मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या टोकाला अर्थ करा, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प डिस्टॅकरच्या फ्रेमला लावू देऊ नका.

१८. पाळीत दहा वेळा डबल येते. कंट्रोलर बदलावा का?

दहा वेळा खरंच दोन शीट येत असतील तर कंट्रोलर उत्तम आहे. गठ्ठ्याकडे बघा. जास्त तेल लागलेले पत्रे एकमेकांवर ठेवलेल्या ओल्या काचांसारखे धरून राहतात. ब्लँकिंगची बर एकमेकांत अडकते. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या गठ्ठ्याच्या कडा गंजून जुळतात. लोखंडी पत्र्याला कडेचे फॅनर मॅग्नेट (वरच्या शीट एकमेकींपासून फाकवणारे चुंबक) गठ्ठ्याच्या उंचीबरोबर नीट लागलेत का, हवेचा झोत पहिल्या आणि दुसऱ्या शीटच्या मध्येच बसतोय का, कडेचे कप आधी उचलून पत्रा किंचित वाकवताहेत का, हे क्रमाने पाहा. अॅल्युमिनियमला फॅनर मॅग्नेटचा उपयोग शून्य, तिथे हवा आणि वाकवणं एवढंच हातात आहे.

फॅनर मॅग्नेट सेन्सरच्या फार जवळ असेल तर तो रीडिंगही बिघडवतो.

१९. टार्गेटसाठी बायपास चावी फिरवली तर चालेल का?

कंट्रोलरला वगळून मशीन चालवणारी ती चावी कुलपातल्या डब्यात आणि शिफ्ट इन्चार्जच्या सहीवर असावी, कंट्रोलरला लटकलेली नसावी. सेन्सर खरंच बंद पडला असेल आणि माल द्यायचाच असेल तर एक माणूस उभा करून हाताने एक-एक शीट सोडा. हळू होईल. रात्रपाळीला बायपास करून सकाळपाळीला न सांगणं, यातूनच बहुतेक डाय फुटतात.

२०. डायमध्ये हात असताना हा कंट्रोलर प्रेस थांबवेल का?

अजिबात नाही. हा डाय वाचवतो, माणूस नाही. लाइट कर्टन, दोन हातांचं कंट्रोल, सेफ्टी ब्लॉक आणि लॉकआउट यांची जागा तो घेऊ शकत नाही.

२१. कंट्रोलरने 'एक शीट' दाखवलं आणि तरी डबल गेली. हे कसं शक्य आहे?

आधी प्रोग्रॅम नंबर बघा. जाड पार्टचा प्रोग्रॅम राहिला असेल आणि पातळ पत्र्याची डबल त्यात एकेरी म्हणून बसली असेल. मग प्रश्न ७ मधली फट, प्रश्न १० मधला ट्रिगर आणि चिकटलेला कॉन्टॅक्ट तपासा.

हे सगळं ठीक निघालं तर दुसरी शीट सेन्सरखाली नव्हतीच. ती सरकून आलेली असते, एका कोपऱ्याला चिकटून निम्मी बाहेर लटकलेली, आणि सेन्सर नेमका विरुद्ध कोपऱ्यात. मोठ्या ब्लँकला म्हणून दोन सेन्सर तिरप्या कोपऱ्यांत लावतात. आणखी एक प्रकार म्हणजे मोजून झाल्यावर वाटेत काहीतरी होणं: सेंटरिंग टेबलावर (प्रेसमध्ये जाण्याआधी शीट नेमकी जागेवर आणतात तिथे) आधीची नाकारलेली शीट पडून राहते आणि चांगली शीट तिच्यावर येऊन बसते. डिस्टॅकरवरच्या सेन्सरला यातलं काहीच दिसत नाही. सेंटरिंग टेबलाखाली दुसरा सेन्सर लावा, आणि तो येईपर्यंत डबल नाकारल्यावर ऑपरेटरने टेबल रिकामं असल्याचं पाहून बटण दाबल्याशिवाय सायकल पुढे जाणार नाही, असं पीएलसीत टाकून घ्या.